लुसी विल्स: मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या आजारातून फॉलिक ॲसिडचा माग काढणारी डॉक्टर

पाळी चुकते, घरच्या टेस्टमध्ये दोन रेषा दिसतात आणि मग पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाणं होतं. त्या पहिल्या चिठ्ठीत एक गोळी हमखास असते, फॉलिक ॲसिडची. तीन महिने झाले की सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या सुरू होतात. काहीजणी त्या नेमाने घेतात, काहींना मळमळतं म्हणून त्या बंद करतात, तर काहींच्या गोळ्या कपाटातच पडून राहतात.

ही गोळी नेमकी आली कुठून? याचं उत्तर शोधायला गेलं तर गोष्ट परळला येऊन पोहोचते. सुमारे ९५ वर्षांपूर्वी इथल्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एक इंग्लिश डॉक्टर गरोदर बायकांचं रक्त तपासत बसायच्या. त्यांचं नाव लुसी विल्स. १० मे २०१९ रोजी त्यांच्या १३१ व्या जन्मदिवशी गुगलने त्यांच्यावर डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरी शिकणाऱ्यांना मात्र ते पुस्तकातून ओळखीचं होतं.

त्यांनी काय केलं, ते मुंबईतच का घडलं आणि आज आई होऊ पाहणाऱ्या बाईचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

डिग्री न देणाऱ्या विद्यापीठातली विद्यार्थिनी

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड इथे झाला. घरची परिस्थिती चांगली होती आणि घरात विज्ञानाची आवड होती. त्यांना चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत घातलं गेलं. मुलींना विज्ञान आणि गणित गांभीर्याने शिकवणाऱ्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या शाळांपैकी ही एक.

१९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडलं.

त्याच वर्षी त्यांचे वडील वारले आणि दोन वर्षांनी बहीणही गेली. पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं. त्या सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आल्या आणि मग दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. केपटाऊनमध्ये त्यांनी काही काळ स्वयंसेवक नर्स म्हणून काम केलं. तिथून परतल्यावर १९१५ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये नाव घातलं. बायकांना डॉक्टर करणारी ही ब्रिटनमधली पहिली संस्था. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचं वय ३२ होतं.

त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्या संशोधन आणि शिकवण्याच्या कामात पडल्या. गरोदरपणात बाईच्या शरीरात काय काय बदलतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला आणि त्यातूनच पुढे मुंबईची वाट निघाली.

मुंबईत बाळंतिणी कशाने दगावत होत्या?

१९२० च्या दशकात भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्या मोठी होती. त्यामागची कारणं शोधण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने एक चौकशी हाती घेतली होती. आजची आयसीएमआर ही याच संस्थेचं पुढचं रूप. भारतात अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर या चौकशीशी जोडलेल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं की गरोदर बायकांमध्ये एक विचित्र प्रकारचा ॲनिमिया दिसतोय आणि तो जीव घेतोय. त्याचा छडा लावण्यासाठी १९२८ मध्ये लुसी विल्स यांना मुंबईला बोलावण्यात आलं.

ॲनिमिया म्हणजे आपल्या भाषेत अंगात रक्त कमी असणं. जुनी माणसं त्याला पंडुरोग म्हणायची. चेहरा पांढुरका पडतो, धाप लागते, पायावर सूज येते. गरोदरपणात हे वाढलं तर हृदयावर ताण येतो. बाळंत होताना रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तो सोसत नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची किंवा कमी वजनाचं होण्याची भीतीही वाढते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळतो तो लोहाच्या कमतरतेमुळे होणारा ॲनिमिया. त्यात रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. मुंबईतल्या या बायकांच्या रक्तात मात्र उलटं दिसत होतं. लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. त्यामुळे हे निव्वळ लोहाचं प्रकरण नव्हतं.

अशा मोठ्या पेशींचा एक आजार तेव्हा डॉक्टरांना माहीत होता, तो म्हणजे पर्निशियस ॲनिमिया. या आजारात लिव्हर खायला दिलं तर रुग्ण बरा होतो, असं १९२६ मध्ये अमेरिकेतल्या मायनट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना १९३४ चं नोबेलही मिळालं. मग मुंबईतल्या बायकांचा आजार हाच होता का? दिसायला तर तसाच होता. पण पर्निशियस ॲनिमियात नसांवर जो परिणाम होतो, तो इथे दिसत नव्हता. शिवाय हा आजार गरोदरपणातच आणि गरीब घरांतच जास्त आढळत होता.

जंतू नाही, ताट

लुसी विल्स यांनी एकेक शक्यता तपासून बाद करायला सुरुवात केली. आधी वाटलं, एखाद्या जंतूचा संसर्ग असेल. त्यांनी रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, पण दोषी म्हणता येईल असा जंतू सापडला नाही.

मग त्यांनी लक्ष वळवलं बायकांच्या राहणीकडे आणि खाण्याकडे. मुंबईतल्या डॉक्टर मेहता आणि तळपदे हे त्यांचे या अभ्यासातले सहकारी. घरात काय शिजतं, बाईच्या वाट्याला काय येतं, घराची स्थिती कशी आहे, याची पाहणी झाली. यात कापड गिरण्यांमधल्या गरीब कामगार बायका होत्या. मुंबई तेव्हा गिरण्यांवर चालत होती आणि हाफकिन इन्स्टिट्यूट ज्या परळमध्ये आहे, त्याच्या आजूबाजूलाच गिरण्यांची चिमणी आणि चाळी होत्या.

चित्र स्पष्ट होत गेलं. ज्या बायकांच्या जेवणात प्रथिनं, ताजी भाजी आणि फळं जवळपास नव्हती, त्यांना हा आजार जास्त होत होता. सगळ्यात हलाखीचं जेवण होतं गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांचं, आणि त्यांच्यातच आजाराचं प्रमाण जास्त होतं. बरं खायला-प्यायला मिळणाऱ्या घरांतल्या बायका यातून बऱ्याच वाचत होत्या. म्हणजे फरक धर्माचा किंवा वंशाचा नव्हता, ताटाचा होता.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण त्या काळी गरीब बायकांच्या आजाराला त्यांच्या सवयी, अस्वच्छता किंवा हवामान जबाबदार धरून मोकळं होणं सोपं होतं. विल्स यांनी त्यांच्या पोटात काय जातंय हे मोजलं, यात त्यांचं वेगळेपण आहे.

उंदीर, उवा आणि एक स्वस्त डबा

आता हे प्रयोगाने सिद्ध करायचं होतं. विल्स यांनी उंदरांना मुंबईतल्या या गरीब बायकांच्या जेवणाशी शक्य तितकं मिळतंजुळतं खाणं दिलं. उंदीर ॲनिमिक झाले. खाण्यात यीस्ट मिसळलं तर ॲनिमिया टळत होता. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला आणि दारू आंबवायला वापरतात तेच.

पण इथे घोळ झाला. उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्यांच्यामुळे उंदरांना एक संसर्ग होत होता. त्या संसर्गानेही रक्त कमी होतं. म्हणजे ॲनिमिया खाण्यामुळे झाला की उवांमुळे, हे सांगणं अवघड झालं. पुढे हेच काम माकडांवर नव्याने करावं लागलं. त्यातही निकृष्ट खाण्याने मोठ्या पेशींचा ॲनिमिया होतो, असंच दिसलं.

दरम्यान रुग्ण थांबून राहणार नव्हत्या. लिव्हर दिलं तर या बायका बऱ्या होत होत्या, पण ते महाग होतं. गिरणीत राबणाऱ्या घराला ते परवडणारं नव्हतं आणि अनेकींना ते खाणंही चालणारं नव्हतं. विल्स यांना असं काहीतरी हवं होतं जे स्वस्त असेल आणि सहज मिळेल. यीस्टचा धागा हाताशी होताच. त्यांनी मार्माइट वापरून पाहिलं.

मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. चव अशी की काहींना फार आवडते आणि काहींना वासही सहन होत नाही. हाच अर्क मुंबईतल्या आजारी बायकांना देण्यात आला. थोड्याच दिवसांत भूक परत आली, रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या आणि बायका सावरू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला.

या काळात त्यांचं काम फक्त मुंबईत नव्हतं. १९२९ मध्ये काही महिने त्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होत्या आणि १९३१ मध्ये मद्रासच्या बायकांच्या हॉस्पिटलमध्ये. पण १९२८ ते १९३३ या वर्षांत त्यांचा मुख्य मुक्काम मुंबईतच राहिला.

नाव नसलेला घटक

यीस्टमध्ये आणि कच्च्या लिव्हरमध्ये असं काहीतरी होतं जे रक्त बनवत होतं. ते काय होतं, हे विल्स यांना सांगता येत नव्हतं. मात्र ते काय नाही, हे त्यांनी नेमकं दाखवलं. पर्निशियस ॲनिमियावर चालणारा लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क या प्रकारच्या ॲनिमियावर चालत नव्हता. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र चालत होता. याचा अर्थ लिव्हरमध्ये रक्ताला लागणारे दोन वेगवेगळे घटक होते. १९३७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. या अनोळखी घटकाला पुढे विल्स फॅक्टर असं नाव पडलं.

१९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी टनावारी पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं गेलं. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या कामाचं नेतृत्व करत होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. दुसरा घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये वेगळं काढता आलं.

म्हणजे मुंबईतल्या बायकांच्या रक्तातून सुरू झालेला शोध एका भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गोळीपर्यंत पोहोचला.

पेशी मोठ्या का होतात?

शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर आधी तिच्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्यासाठी फोलेट लागतं. फोलेट हे या जीवनसत्त्वाचं अन्नातलं रूप आणि फॉलिक ॲसिड हे गोळीतलं. ते कमी पडलं की हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या लाल पेशी वाढतात, पण वेळेवर दुभंगत नाहीत. म्हणून मोठ्या पण मोजक्याच पेशी रक्तात येतात. गरोदरपणात गर्भ, वार आणि आईचं वाढतं रक्त या सगळ्यांसाठी नव्या पेशी भराभर लागतात. त्यामुळे एरवी जेमतेम भागणारं फोलेट अचानक अपुरं पडतं.

मुंबईनंतरची लुसी

१९३३ मध्ये त्या पूर्णवेळ रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये परतल्या. १९३७ च्या नोव्हेंबरात पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. तेव्हा कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी पहिल्यांदाच विमानाने केला.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात काम करत होत्या. १९४४ मध्ये हॉस्पिटलवरच उडता बॉम्ब पडला आणि त्यात माणसं मेली. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. अन्नाचं रेशनिंग चालू असताना गरोदर बायकांच्या रक्ताची स्थिती काय आहे आणि लोह दिल्याने किती फरक पडतो, याचाही अभ्यास त्यांनी त्या काळात केला. रॉयल फ्रीमध्ये रक्तविकारांचा पहिला विभाग त्यांनीच उभा केला.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन आहार आणि ॲनिमिया यांवर काम करत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्यांनी लग्न केलं नाही. डोंगर चढणं, बर्फावर स्कीइंग करणं आणि सायकलवरून कामाला जाणं त्यांना आवडायचं. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं.

फॉलिक ॲसिडचं सगळ्यात मोठं काम त्यांना पाहायला मिळालं नाही.

आईच्या रक्ताकडून बाळाच्या मणक्याकडे

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९६५ मध्ये, हिबर्ड आणि स्मिथेल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी एक शंका मांडली. आईच्या शरीरात फोलेट कमी असेल तर बाळाच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जन्मजात दोष राहत असतील का? गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती न्यूरल ट्यूब नीट मिटली नाही तर असे दोष राहतात. कण्यात उघडं राहिलं तर स्पायना बिफिडा होतो. डोक्याकडे उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी पूर्ण बनत नाही आणि असं बाळ जगत नाही.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. आधी असा दोष असलेलं मूल झालेल्या सात देशांतल्या बायका त्यात होत्या. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्याने हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. पुढे अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं.

यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे, आधीपासून. न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दिवस गेल्याचं अनेकींना तोवर कळलेलंही नसतं. म्हणजे पहिल्या तपासणीत गोळी सुरू होते तेव्हा तिचं हे काम करण्याची वेळ बहुतेक वेळा टळून गेलेली असते.

मग आज काय करायचं?

- मूल हवं असं ठरलं की गोळी सुरू करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार गर्भधारणेचा प्रयत्न सुरू झाल्यापासून गरोदरपणाच्या १२ व्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं.
- काहीजणींना जास्त डोस लागतो. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.
- चौथ्या महिन्यापासून लाल गोळी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते.
- गोळी चहाबरोबर नको. चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळा किंवा संत्र्यामुळे ते जास्त शोषलं जातं. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, वेळ किंवा गोळी बदलता येते.
- बी-१२ विसरू नका. पूर्ण शाकाहारी बायकांमध्ये याची कमतरता जास्त आढळते. फक्त फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्त सुधारलेलं दिसू शकतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं. ॲनिमिया बरा होत नसेल तर ही तपासणी करून घ्या.
- ताटात काय हवं? पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे, संत्री. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. म्हणून भाजी खूप वेळ उकळून पाणी फेकून देऊ नका.
- हिमोग्लोबिन मोजून घ्या. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर ॲनिमिया समजतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते.

अजून संपलेली गोष्ट नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणजे दोघींपैकी एक. लुसी विल्स मुंबईत उतरल्या त्याला ९० वर्षं होऊन गेल्यावरची ही स्थिती आहे.

त्यांना जे शोधायला अनेक वर्षं लागली, ते आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजूनही तसाच आहे: घरात शिजलेल्या अन्नातलं बाईच्या ताटात काय येतं? अनेक घरांत ती अजून सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेलं खाते. गोळी त्याची थोडी भरपाई करते, सगळी नाही.

ज्या बायकांच्या रक्तावर हा शोध उभा राहिला, त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. त्या गिरणीत राबणाऱ्या, चाळीत राहणाऱ्या, दिवस राहिलेल्या बायका होत्या. तुमच्या घरात कुणी बाळाचा विचार करत असेल तर पाळी चुकण्याची वाट न पाहता आजच तिला डॉक्टरांना भेटायला सांगा. आणि आज जेवताना तिच्या ताटात भाजी उरली आहे का, तेही बघा.